अक्कलकोट रोडचं टॉवेलचं दुकान: अमेरिकेला न गेलेला माल

दिवाळीआधी आमच्या लॉजच्या खोल्यांचे टॉवेल बदलायचे होते. तुळजापूर-अक्कलकोट करणारे भाविक आमच्याकडे उतरतात. टॉवेल रोज धुवावा लागतो, हलका माल वर्षभरही टिकत नाही. म्हणून सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडबाजारात न जाता थेट अक्कलकोट रोड एमआयडीसीत, कारखान्याला लागून असलेल्या एका दुकानात गेले. परदेशी जायला तयार होऊन अडकलेला माल तिथे सुटा विकायला काढलाय.

माल उत्तम आहे. 30 बाय 60 इंच, 450 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम. या मापाचा टॉवेल 520 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. काउंटरवर काटा आहे आणि न सांगता प्रत्येक गठ्ठ्यातला एक टॉवेल वजन करून दाखवतात. माझे 515 ते 530 भरले. फंदे दाट, काठाची शिलाई पक्की. लव दोन-तीन धुण्यांत निघून गेली. पांढरा आणि फिका राखाडी डोळे मिटून घ्या. मरून रंग सोडतो, लॉजवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. नगाला 240 रुपये पडले, पक्क्या बिलासह. या वजनाला हा दर मला दुसरीकडे मिळाला नाही.

दर एवढा खाली का, ते मालकांनीच सांगितलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मागावरच्या माणसांशी तेलुगूत, आपल्याशी मराठीत. अमेरिकेने 2025 मध्ये 7 ऑगस्टपासून भारतीय मालावर 25 टक्के शुल्क लावलं आणि रशियन तेलाचं कारण देऊन 27 तारखेपासून आणखी 25. तेव्हा पाकिस्तानला 19, बांगलादेशाला 20. टॉवेलमध्ये पाकिस्तान आपल्या थेट समोर उभा आहे, त्यामुळे तीसेक टक्क्यांचा फरक पोटात घालणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. पण अण्णांचं दुखणं त्याच्याही पुढचं होतं. "टक्का परवडतो ओ ताई, हिशोब तर मांडता येतो. रोज उठून कोण काय बोलतंय, त्याचा हिशोब कसा मांडायचा?"

मला ते फार पटलं. 31 जुलैला ट्रम्प यांनी भारत आणि रशियाच्या अर्थव्यवस्थांना मेलेल्या म्हटलं. त्यांचे सल्लागार पीटर नवारो भारताला टॅरिफचा महाराजा म्हणत राहिले. सप्टेंबरात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक म्हणाले, महिना-दोन महिन्यांत भारत माफी मागत बोलणीला येईल. असं काही छापून आलं की तिकडच्या खरेदीदाराच्या एजंटाचा अण्णांना निरोप यायचा: थांबा, काय होतंय ते बघू. शुल्क एकदा ठरलं की निदान दर तरी सांगता येतो. ते 'थांबा' मात्र माग बंद पाडतं, आणि शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीत माग बंद म्हणजे त्या आठवड्याचा पगार नाही.

कडक बोलायला माझी हरकत नाही. आपले वाणिज्यमंत्री पीयूष गोयल त्याच वर्षी एप्रिलमध्ये म्हणाले होते की बंदुकीच्या धाकावर आम्ही वाटाघाटी करत नाही. कडकच बोलले, पण समोरच्याच्या देशाला मेलेला म्हटलं नाही. नवारोंनी तर 2018 मध्ये कॅनडातल्या जी-7 बैठकीनंतर तिथले तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांना उद्देशून नरकातल्या खास जागेची भाषा केली होती आणि दोनच दिवसांत चूक झाली म्हणून कबूल केलं होतं. तोच माणूस आज आपल्याबद्दल हे बोलतो, याचा मला संताप येतो. अशा बोलण्याची किंमत बोलणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

मी बसले असतानाच बाहेरगावचा एक घाऊक गिऱ्हाईक आला. दर पाडायला म्हणून त्याने मालाला रद्दी म्हटलं, वर "तुमचा धंदा तर बसलाच आहे" असंही ऐकवलं. अण्णांनी चहा पुढे सरकवला आणि म्हणाले, "दर पटत नसेल तर दर बोला की. विणणाऱ्याला कशाला नावं ठेवताय?" पुढे बरीच घासाघीस झाली, अण्णा नगामागे सात रुपये उतरले आणि माल गाडीत चढला. वॉशिंग्टनच्या लोकांनी शिकावं अशी ती बोलणी होती, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

आता उणिवा. एकदा नेलेला माल बदलून मिळत नाही, म्हणून तिथेच उलगडून बघा. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटा वेगळी येते, एका खोलीचे टॉवेल एकाच गठ्ठ्यातून काढून घ्या. टेम्पोचं भाडं आपलं आपण द्यायचं. दुपारी जेवणाच्या वेळेला शटर अर्धं खाली असतं, तेव्हा सकाळीच जावा. हँड टॉवेल मी गेले तेव्हा थोडेच शिल्लक होते. आमच्या खोल्यांसाठी पांढरे बाजूला ठेवायला सांगून आलेय.