कंपनीची टेस्ट 'पास' दाखवून खराब रॅमचा लॅपटॉप गळ्यात मारला, सेकंडहँड घेणाऱ्यांनी नक्की वाचा

जुना लॅपटॉप घ्यायच्या विचारात असाल तर हे पूर्ण वाचा. जरा लांब झालंय, पण जी टेस्ट आपण विश्वासाने बघतो तीच टेस्ट वापरून मला फसवलंय आणि हे आणखी कोणासोबत होऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून सगळं लिहितोय.

विकणारा माणूस बोलायला एकदम सभ्य होता. मी आधीच सांगितलं होतं की हार्डवेअर चेक केल्याशिवाय घेणार नाही, तर तो उलट खूश झाला, म्हणाला, "बरोबर आहे सर तुमचं, बघूनच घ्या, मी तुम्हाला कंपनीचीच इनबिल्ट टेस्ट लावून दाखवतो, बाहेरचं सॉफ्टवेअर नाही, यात कोणी काही बदलू शकत नाही." आता यातलं अर्धं खरं आहे. विंडोज सुरू व्हायच्या आधी जे डायग्नोस्टिक उघडतं ते कंपनीनेच मशीनमध्ये टाकलेलं असतं आणि विंडोज बिघडलेलं असो किंवा नसो, ते थेट हार्डवेअर तपासतं. त्याने रीस्टार्ट केला, बटण दाबून टेस्ट सुरू केली, पंखा जोरात फिरला, स्क्रीनवर रंगीत पट्टे आले, बीप वाजला, एकेका पार्टपुढे हिरवी टिक येत गेली. मध्ये कसला तरी प्रश्न आला तर त्याने लगेच एन दाबलं आणि म्हणाला, "झालं सर, ऑल पास." वर एक छापलेला रिपोर्ट पण दिला, त्यावरही सगळं पास. मी व्यवहार पूर्ण केला.

पहिल्या आठवड्यातच त्रास सुरू झाला. नुसतं टायपिंग वगैरे करताना काही नाही, पण बरेच टॅब उघडे असले किंवा व्हिडिओ एडिटिंग लावलं की ब्लू स्क्रीन (विंडोज क्रॅश होऊन येणारी निळी एरर स्क्रीन), आणि प्रत्येक वेळी वेगळं नाव, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी भलतंच काहीतरी. मोठ्या झिप फाइल उघडताना फाइल करप्ट आहे असं यायचं आणि तीच फाइल दुसऱ्या मशीनवर व्यवस्थित उघडायची. ज्यांना असं होतंय त्यांनी सगळ्यात आधी रॅमवर, म्हणजे मशीनच्या मेमरीवर, संशय घ्या, कारण ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल तर बऱ्याचदा एकच एरर पुन्हा पुन्हा येतो, आणि रॅम गेली असेल तर जो डेटा त्या खराब जागेत पडेल तो बिघडतो, त्यामुळे रोज नवीनच काहीतरी मोडतं.

मग मी तीच इनबिल्ट टेस्ट स्वतः लावली, चार्जर लावून, निवांत. आणि तो प्रश्न नीट वाचला तेव्हा सगळा प्रकार कळला. क्विक टेस्ट संपल्यावर ते विचारत होतं की मेमरीच्या उरलेल्या टेस्ट चालू ठेवायच्या का, याला ३० मिनिटं किंवा जास्त वेळ लागेल. त्या माणसाने तिथे 'नाही' दाबलं होतं! म्हणजे मेमरीची खरी टेस्ट माझ्यासमोर झालीच नव्हती. यावेळी मी 'हो' दिलं आणि बराच वेळ गेल्यावर, मशीन चांगलं गरम झाल्यावर, लाल अक्षरात मेमरी एरर आला, कोडसकट.

क्विक टेस्ट आणि एक्स्टेंडेड टेस्ट यात हा एवढा फरक का पडतो ते सांगतो कारण सगळी मेख इथेच आहे. क्विकमध्ये रॅम ओळखली जातेय ना, वरवर लिहिता वाचता येतंय ना, एवढंच बघून पुढे जातात. एक्स्टेंडेडमध्ये रॅमच्या प्रत्येक जागेत वेगवेगळे पॅटर्न लिहून परत वाचतात, सगळे शून्य, सगळे एक, एकाआड एक, मग शेजारच्या जागेत लिहिल्यावर इथला बिट (एक शून्य किंवा एक) बदलतो का ते. काही बिट फक्त ठराविक पॅटर्नला किंवा चिप गरम झाल्यावरच चुकतात, ते दोन-चार मिनिटांत सापडणं कठीण. आणि मेमरी टेस्टमध्ये थोडेसे एरर चालतात असं काही नसतं, एक एरर आला तरी ती रॅम फेल.

स्क्रीन, कीबोर्ड, स्पीकरच्या टिकचं तर आणखी वेगळं आहे. तिथे मशीन स्वतः ठरवत नाही, रंगीत पट्टे दिसले का, आवाज आला का, असं ते माणसाला विचारतं आणि जो की दाबतो त्याचं उत्तर छापलं जातं. म्हणजे त्या हिरव्या टिक म्हणजे विकणाऱ्याचाच शब्द. म्हणून टेस्ट चालू असताना कीबोर्डवर हात तुमचाच पाहिजे, विकणाऱ्याला बाजूला बसू दे.

आता तो रिपोर्ट. त्यावर वर कोपऱ्यात बारीक अक्षरात सिरीयल नंबर होता, तो मी लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरशी आणि बायोसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग स्क्रीन) नंबरशी ताडून बघितला तर जुळतच नव्हता. रिपोर्ट दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचा. याचा मला जास्त राग आहे, कारण क्विक टेस्टबद्दल तो उद्या म्हणेल की वेळ वाचवला, पण दुसऱ्या मशीनचा रिपोर्ट छापून हातात देणं हे ठरवून केलेलं काम आहे. स्टिकर बदलता येतो, म्हणून बायोसमधला नंबर बघायचाच.

विंडोजसुद्धा अगदी ताजं टाकून दिलं होतं, त्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. ताजं विंडोज म्हणजे विंडोजमध्ये एरर आणि क्रॅशच्या नोंदी राहतात ते इव्हेंट व्ह्यूअर कोरं, रिलायबिलिटी मॉनिटर कोरा, आधी किती वेळा क्रॅश झालं याचा मागमूस नाही. प्रत्येक जण फसवायलाच ताजं विंडोज टाकतो असं नाही, डेटा पुसायला टाकावंच लागतं, पण कोरा लॉग म्हणजे चांगलं मशीन असं समजू नका. जे पुसलं जात नाही ते बघा: एसएसडी किंवा हार्ड डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पॉवर ऑन अवर्स, म्हणजे किती तास चालली ते, असतात, हार्ड डिस्क असेल तर रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या किंवा संशयित जागा) शून्य आहेत का ते दिसतं, एनव्हीएमई (नवीन प्रकारची वेगवान) एसएसडी असेल तर किती टक्के वापरली गेली ते दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात हे सगळं एका स्क्रीनवर येतं. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा आणि डिझाइन कपॅसिटी किती आणि आता फुल चार्ज कपॅसिटी किती ते बघा, हे आकडे बॅटरीकडूनच येतात त्यामुळे विंडोज नवीन टाकलं तरी चालतं.

मला वाटलं होतं की निदान रॅम बदलून घेता येईल. माझ्या मशीनमध्ये अर्धी रॅम स्लॉटमध्ये आणि अर्धी बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली. स्लॉटमधली काढून टेस्ट लावली तरी एरर तसाच, म्हणजे खराबी बोर्डावरच्या चिपमध्ये. ती बदलायची म्हणजे चिप काढून दुसरी बसवायची किंवा अख्खा मदरबोर्ड. घ्यायच्या आधी मॉडेलची माहिती काढून बघा की रॅम सोल्डर आहे का, असेल तर मेमरी टेस्ट पूर्ण झाल्याशिवाय पैसे देऊच नका.

त्याला एररचा फोटो पाठवला. आधी म्हणाला तुमच्यासमोर पास झाला होता, तुमच्याकडे गेल्यावर बिघडला. मग मी रिपोर्टवरचा नंबर आणि बायोसमधला नंबर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाठवले, त्यानंतर फोन उचलणं बंद. तक्रार केली आहे, त्यात सगळ्यात जास्त उपयोग तो छापील कागद आणि आमच्या चॅटचाच होतोय, कारण त्यात त्याने स्वतः लिहिलं होतं की फुल हार्डवेअर टेस्ट केलेलं आहे. तुम्हीसुद्धा असं तोंडी ऐकून घेऊ नका, मेसेजमध्ये लिहून घ्या.

कुठल्या मशीनवर टेस्ट कशी उघडायची ते मला माहीत असलेलं देतो. डेलला चालू करताना एफ १२ दाबून मेनूमधून डायग्नोस्टिक्स. एचपीला चालू करताच एस्केप दाबत राहायचं आणि मेनू आला की एफ २, तिथे फास्ट टेस्ट नाही तर एक्स्टेन्सिव्ह टेस्ट निवडा. थिंकपॅडला लोगो आल्यावर एफ १०, काही मॉडेलला आधी एंटर मग एफ १०. इंटेलवाल्या मॅकला चालू करताना डी दाबून धरायचं, एम सिरीजच्या मॅकला पॉवर बटण स्टार्टअप ऑप्शन्स येईपर्यंत धरून मग कमांड आणि डी, तिथे एडीपी००० असा तीन शून्यांचा कोड आला म्हणजे काही सापडलं नाही. ज्यात असं काहीच नाही त्यात विंडोज मेमरी डायग्नोस्टिक आहे, टेस्ट सुरू झाल्यावर एफ १ दाबून एक्स्टेंडेड करा, नाहीतर ते स्टँडर्डवरच चालतं. त्याचा रिझल्ट कधीकधी लॉगिननंतर दिसतच नाही, मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉगमध्ये मेमरीडायग्नोस्टिक्स रिझल्ट्स शोधायचं.

टेस्ट फेल झाली तर लगेच बंद करू नका. एचपीला २४ अक्षरांचा फेल्युअर आयडी येतो, डेलला एरर कोडसोबत व्हॅलिडेशन कोड, त्या स्क्रीनचा सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा, मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीचा सपोर्ट आधी तोच कोड मागतो. आणि विकणारा म्हणाला की एवढा वेळ नाही, अर्धा तास कोण थांबणार, तर ते मशीन तिथेच ठेवून निघा.