कॉव्हेंट्री कॅथेड्रल: जायचं तर शुक्रवारी दुपारी बाराला जा

यूकेत राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय, बाकीच्यांनीही वाचा. बर्मिंगहॅमहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत कॉव्हेंट्री येतं आणि स्टेशनवरून चालत जाता येतं. कॅथेड्रलच्या समोरच युनिव्हर्सिटी आहे, तिथे शिकणारी आपली मुलं रोज या भिंतीजवळून जातात पण आत गेलेली फार थोडी भेटतात, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आधी थोडा इतिहास, त्याशिवाय तिथे काय बघायचं ते कळणार नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर रात्रभर बॉम्ब टाकले, पाचशेच्या वर माणसं गेली आणि सेंट मायकलचं मध्ययुगीन कॅथेड्रल जळून गेलं. प्रोव्होस्ट, म्हणजे कॅथेड्रलचे प्रमुख पाळक, रिचर्ड हॉवर्ड त्या रात्री स्वतः छपरावर चढून आगीचे बॉम्ब विझवत होते. बाहेरच्या भिंती आणि टॉवर तेवढा उरला. नंतर छपराची दोन जळकी लाकडं एका गवंड्याने एकत्र बांधून क्रॉस उभा केला, आणि छपराचेच जुने खिळे घेऊन एका पाळकांनी खिळ्यांचा क्रॉस बनवला. सहा आठवडे पण झाले नव्हते, लोक अजून आपली माणसं पुरून सावरले नव्हते, आणि नाताळच्या दिवशी हॉवर्ड या पडक्या चर्चमधून रेडिओवर बोलले की सूड घ्यायचा विचार आपण मनातून काढायचा प्रयत्न करतोय. पुढे वेदीच्या मागच्या भिंतीवर त्यांनी ‘फादर फर्गिव्ह’, म्हणजे ‘हे बापा क्षमा कर’, कोरून घेतलं. सगळ्यांना हे पटलं असेल असं समजू नका, तेव्हा चिडलेले लोकही होतेच, आणि का नसतील?

मला सगळ्यात जास्त हेच भिडलं. लढाई जिंकल्यावर मोठं मन दाखवणं सोपं असतं हो, पण हे युद्ध चालू असताना, अजून चार वर्षांहून जास्त बाकी असताना बोललेत, उद्या परत विमानं येतील की नाही हेही माहीत नव्हतं. आपण बायबलमधला मत्तयचा पाचवा अध्याय लहानपणापासून ऐकतो, वैऱ्यांवर प्रीती करा, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, आणि मनात म्हणतो की हो करू, आधी राग तर जाऊ दे. इथे राग जायची वाट कोणी बघितली नाही.

आता शुक्रवार का ते सांगते. १९५८ मध्ये इथले एक पाळक, कॅनन जोसेफ पूल यांनी समेटाची एक छोटी प्रार्थना लिहिली, ती अजून म्हटली जाते आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता बाहेर पडक्या चर्चमध्येच म्हणतात, वर छप्पर नाही, त्यामुळे जॅकेट आणि छत्री न्याच. राष्ट्राराष्ट्रात, वंशावंशात, वर्गावर्गात फूट पाडणारा द्वेष, दुसऱ्याचं हडपायची हाव, लोभ, मत्सर, बेघर आणि निर्वासितांबद्दलची बेपर्वाई, वासना, गर्व, एकेक पाप घेतात आणि प्रत्येकाला सगळे मिळून उत्तर देतात, हे बापा क्षमा कर. पाच मिनिटात संपतं. पण त्यात फक्त बॉम्ब टाकणाऱ्यांचीच पापं नाहीत, म्हणणाऱ्याचीही आहेत, आणि ते म्हणताना मनाला चांगलंच लागतं.

आमच्याकडे नगरला बांधावरून भाऊबंदांशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालू आहे, शिव्याशाप सगळं झालंय. मी त्यांची नावं घेऊन त्यांच्या मुलाबाळांच्या भल्यासाठी तिथे उभं राहून प्रार्थना केली. माझ्या मते क्षमा करणं म्हणजे केस मागे घेणं नव्हे, जे चुकीचं आहे ते चुकीचंच, पण त्या माणसाचं वाटोळं व्हावं ही इच्छा सोडायची, आणि ती एकदा सोडून जात नाही, म्हणूनच ही मंडळी दर आठवड्याला प्रार्थना म्हणतात हे मला खूप शहाणपणाचं वाटलं.

नवीन कॅथेड्रल बेसिल स्पेन्स यांचं डिझाइन, १९६२ मध्ये अर्पण झालं, जुन्याला अगदी खेटून. जुनं पाडून साफ केलं नाही हे फार छान. आत ग्रॅहम सदरलँड यांचं ख्रिस्ताचं प्रचंड टेपेस्ट्री, म्हणजे विणलेलं भिंतचित्र आहे, बाप्तिस्म्याचा दगड बेथलेहेमहून आणलेला आहे, सगळे फोटो तिथेच काढतात. मी म्हणेन स्टालिनग्राडच्या मरियेसाठी वेळ ठेवा. कुर्ट रॉयबर नावाचा जर्मन सैन्यातला डॉक्टर, तो पाळकही होता, त्याने १९४२ च्या नाताळात वेढ्यात अडकलेला असताना रशियन नकाशाच्या मागे कोळशाने मरिया आणि बाळ येशूचं चित्र काढलं, त्याची प्रत इथे आहे. ज्यांच्या सैन्याने हे शहर जाळलं त्यांच्या सैनिकाचं चित्र इथे प्रार्थनेच्या जागी लावलंय!

आणि नुसती प्रार्थना करून थांबले नाहीत. साठच्या दशकात जर्मन तरुण इथे येऊन पडक्या भागात बांधकामाला राबले, मग इथली मुलं १९६५ मध्ये ड्रेस्डेनला हॉस्पिटल उभारायला गेली, ब्रिटिश विमानांनी १९४५ मध्ये बेचिराख केलेलं तेच ड्रेस्डेन. तिथल्या फ्राउएनकिर्शे या चर्चच्या घुमटावरचा आजचा क्रॉस ज्या ब्रिटिश कारागिराने घडवला त्याचे वडील त्या बॉम्बहल्ल्यातले पायलट होते.

माझ्याकडून पाचपैकी पाच. दीड-दोन तास हाताशी ठेवा, साडेअकरापर्यंत पोचा म्हणजे आधी पडकं चर्च शांतपणे बघून होतं, आत नंतर जा. मोठ्या मुलांना जरूर न्या. आणि जर्मनीत राहणाऱ्यांनी बर्लिनच्या कैसर विल्हेल्म चर्चला जा, तिथेही कॉव्हेंट्रीच्या खिळ्यांचा क्रॉस आहे, कोणी गेलं असेल तर खाली लिहा.