आरसी हायड्रोफॉइल बनवायचीय: पेगॅसस, ब्रादॉर की तुर्या?

मिलिटरी हायड्रोफॉइलचं, म्हणजे पाण्यातल्या पंखांवर (फॉइलवर) वर उचलल्या जाणाऱ्या युद्धबोटीचं, रिमोटवर चालणारं (आरसी) मॉडेल करायचं म्हटलं की बहुतेक जण डोळे झाकून अमेरिकेची पेगॅसस म्हणतात. दिसायला तीच सगळ्यात भारी, त्यात वाद नाही, पुढे ७६ मिमीची तोफ, मागे आठ हार्पून मिसाइलं आणि फोटोत अख्खी बोट पाण्याच्या वर उचललेली. पण तुमचंही मॉडेल तसं उचललं जावं आणि वर टिकावं असं वाटत असेल तर तोफा-मिसाइलं जरा बाजूला ठेवा आणि आधी बघा की वर आल्यावर बोटीची उंची सांभाळतंय कोण, फॉइलचा आकार की कॉम्प्युटर. खऱ्या नौदलांचंही घोडं बऱ्यापैकी इथेच अडलं होतं.

प्रकार मुळात दोन. सरफेस-पिअर्सिंग फॉइल तिरकी असते आणि तिची टोकं पाणी कापून वर डोकावतात. बोट जास्त वर गेली की फॉइलचा पाण्यातला भाग कमी होतो, लिफ्ट (वर उचलणारं बळ) घटते, बोट आपोआप खाली येते, खाली आली की परत उलटं, कुणी काही करायची गरजच नाही. फुल्ली सबमर्ज्ड फॉइल मात्र कायम पाण्याखाली आडवी, त्यामुळे वरच्या लाटा तिला कमी जाणवतात आणि राइड एकदम मऊ, पण तिचा स्वतःचा समतोल असा नाहीच, सतत फ्लॅप (फॉइलच्या हलत्या कडा) हलवून सावरत बसावं लागतं.

पहिल्या प्रकारातली बेस्ट म्हणजे कॅनडाची ब्रादॉर, आणि माझं मत आधीच सांगतो, पहिलं मॉडेल हिचंच करा. नाव नोव्हा स्कोशियातल्या ब्रादॉर लेकवरून आलंय, त्याच लेकवर १९१९ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल (हो, फोनवाला) आणि केसी बॉल्डविन यांच्या एचडी-४ या हायड्रोफॉइलने ताशी ७०.८६ मैलांचा रेकॉर्ड केला होता, तेव्हा कॅनडावाल्यांसाठी हा घरचाच विषय. ब्रादॉर पाणबुड्या शोधायला बनवली, डिझाइन केलं डी हॅविलँड कॅनडा या विमान कंपनीनं, आणि १९६९ मध्ये तिनं ६३ नॉट गाठले, म्हणजे ताशी ११६ किमीच्या वर, तेही दोनशे टन वजन घेऊन! लोडचा साधारण ९० टक्के भाग मागच्या मोठ्या फॉइलवर, पुढची फॉइल छोटी आणि तीच वळते, म्हणजे स्टिअरिंगचं काम तिच्याकडे. मॉडेलवाल्याला हे सोन्याहून पिवळं, कारण पुढे एक सर्वो (रिमोटनं वळणारी छोटी मोटर) बसवला की झालं. मग १९७१ मध्ये सरकारनं प्रोजेक्टच गुंडाळला, तोवर फॉइलला चिरा जायला लागल्या होत्याच, पण आपल्याला त्या स्टीलशी देणंघेणं नाही, आपण कार्बन फायबर वापरणार.

हिची अडचण वेगळीच आहे, फॉइल दुमडत नाहीत. मूळ बोट लांबीला ४६ मीटर, फॉइलची रुंदी २० मीटर, आणि उभी असताना पाण्याखाली ७ मीटर खोल. १:४० स्केलला धरलं तर लांबी सव्वा मीटरच्या आत, फॉइल अर्धा मीटर रुंद आणि खाली १८ सेंमी लोंबणारी. मागची फॉइल काढता येईल अशीच बसवा, नाहीतर गाडीत न्यायचे वांधे, आणि पाणगवत असलेलं उथळ तळं असेल तर हिचा नाद सोडा. अजून एक, पाणी कापणाऱ्या फॉइलवर वरून हवा खाली ओढली जाते आणि लिफ्ट एका क्षणात जाते, बोट धपकन बसते. त्यावर उपाय म्हणून फॉइलवर प्रवाहाच्या दिशेनं छोट्या उभ्या पट्ट्या चिकटवतात, त्यांना फेन्स म्हणतात, दिसायला किरकोळ पण त्या विसरू नका.

आता पेगॅसस. पहिली बोट १९७७ मध्ये नौदलात आली, एकूण सहा, अड्डा फ्लोरिडात की वेस्टला, आणि १९९३ मध्ये सहाच्या सहा एकदम निवृत्त. सुरुवातीला इटली आणि पश्चिम जर्मनी पण सोबत होते, नंतर दोघांनीही अंग काढून घेतलं. तिच्या ४८ नॉटमागे एक गॅस टर्बाइन आणि वॉटरजेट, जेटला लागणारं पाणी मागच्या स्ट्रटमधून (फॉइलला बोटीशी जोडणाऱ्या खांबातून) वर ओढलं जायचं. आता एक मीटरच्या मॉडेलमध्ये स्ट्रटची जाडी बघा आणि त्यातून पाइप कसा न्यायचा ते मला सांगा! करतात लोक, नाही असं नाही, पण बरेच जण गुपचूप मागे प्रॉपेलर लावून मोकळे होतात. खरी कसोटी तर पुढेच आहे. मूळ बोटीत उंचीचे सेन्सर, जायरो आणि कॉम्प्युटर मिळून फ्लॅप हलवायचे, म्हणजे तुम्हाला पाण्याकडे तोंड केलेला उंचीचा सेन्सर, फ्लाइट कंट्रोलर आणि निदान तीन सर्वो लागणार, वर ट्यूनिंग करायचं ते वेगळंच. ड्रोन बांधलाय, पीआयडीशी (कंट्रोलरच्या समतोल राखणाऱ्या सेटिंगशी) झटापट केलीय असे असाल तर मजा येईल, नसाल तर बोट उडी मारणार आणि आपटणार, परत उडी मारणार आणि परत आपटणार.

सबमर्ज्डच करायचीय आणि आकारानं सोपी हवी असेल तर इटलीची स्पारव्हिएरो बघा. २३ मीटर, ६२.५ टन, ५० नॉट, दहा माणसं आणि झोपायला जागा नाही. ही अमेरिकेच्या तुकुमकारीवरून आलेली, जी व्हिएतनामला जाऊन आली आणि १९७२ मध्ये प्वेर्तो रिकोजवळ प्रवाळावर चढून बाद झाली. मूळ बोट लहान असल्यानं १:२५ चं स्केल घेता येतं, म्हणजे ९२ सेंमी लांबी आणि डिटेलिंगला भरपूर जागा. कंट्रोलची डोकेदुखी मात्र तीच.

तिसरा रस्ता सोव्हिएत. तुर्या, म्हणजे प्रोजेक्ट २०६एम, हिला फॉइल फक्त पुढे, मागचा भाग पाण्यावरच घसरत जातो. चार टॉर्पेडो ट्यूब, मागे ५७ मिमीची जुळी तोफ, तीन डिझेल इंजिनं, ४० नॉटच्या आसपास, क्युबालाही दिल्या होत्या. चीनच्या हुचुआन टॉर्पेडो बोटींचीही आयडिया साधारण हीच, फॉइल पुढच्या भागात आणि मागचा भाग पाण्यावर. शुद्धतावादी नाक मुरडतील की ही कसली हायड्रोफॉइल, पण मागचा हल (बोटीचा मुख्य सांगाडा) पाण्यात टेकलेला असल्यानं अर्धा समतोल फुकटात मिळतो, ना सेन्सर ना कंट्रोलर. पहिल्या दिवशी चालेल अशी हीच एक. फक्त ‘उडतेय’ असा फील येत नाही, मग एवढा खटाटोप कशाला असं मला तरी वाटतं.

कुठलीही घ्या, वजन आधी कागदावर मांडा. पेगॅससचे २४० टन १:४० ला पावणेचार किलो होतात आणि ४८ नॉटचे साडेसात, म्हणजे ताशी १४ किमी. या हिशोबात अर्धा किलो जास्त झालं तर बोट वर येतच नाही, कारण उचलण्याच्या जरा आधी पाण्याचा विरोध सगळ्यात जास्त असतो, तिथेच मोटर धापा टाकते. एकदा वर आली की मात्र करंट एकदम खाली. म्हणून मोटर निवडताना टॉप स्पीड बघू नका, तो मधला टप्पा पार करायला किती ताकद लागेल ते बघा. ५० नॉटच्या आसपास फॉइलवर वाफेचे बुडबुडे होण्याचा त्रास मोठ्या बोटींना होता, आपल्या वेगाला तो प्रश्नच येत नाही.

फोटोंचं म्हणाल तर ब्रादॉर क्वेबेकमध्ये लिले-सुर-मेरच्या म्युझियममध्ये जमिनीवर उभी आहे, त्यामुळे खालून-बाजूनं सगळी फॉइल दिसते आणि असे फोटो नेटवर भरपूर सापडतात. फॉइलची मापं त्यावरून काढा, बॉक्सवरच्या चित्रांवरून नको.