खाडीवरच्या कामासाठी आपोआप फुगणारे लाइफ जॅकेट: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

ऐरोलीच्या पुढे, ठाणे खाडीच्या काठी चाललेल्या एका धक्क्याच्या दुरुस्तीच्या कामावर मी सुरक्षा पर्यवेक्षक आहे. पाण्यावर किंवा पाण्याच्या अगदी कडेला आमची सुमारे वीस माणसे रोज काम करतात. त्यांत पाइलिंगवाले (तळात खांब रोवणारे), शटरिंगचे म्हणजे काँक्रीटच्या साच्यांचे सुतार, सळई बांधणारे फिटर, दोन वेल्डर आणि बार्जवरचे, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवरचे, खलाशी आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांच्यासाठी १५० न्यूटन क्षमतेची, पाण्यात पडताच आपोआप फुगणारी १८ लाइफ जॅकेटे विकत घेतली. पाच महिने रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच बांधणीची जॅकेटे अनेक कंपन्या विकतात आणि मला सांगायचे आहे ते बांधणीविषयी व तिच्या देखभालीविषयी.

आधी आमच्याकडे फोमची जाड जॅकेटे होती. ती तरंगण्यात कमी पडत नव्हती. ती अंगात नसत, हा त्यांचा दोष होता. मे महिन्याच्या उकाड्यात फळीवर ओणवे होऊन खिळे ठोकणाऱ्या सुताराच्या छातीवर तो फोमचा गठ्ठा हनुवटीपर्यंत येतो, हात जवळ घेता येत नाहीत आणि पाठ घामाने भिजते. सकाळी हजेरीच्या वेळी सगळ्यांनी घातलेली जॅकेटे दहा वाजेपर्यंत परांचीच्या बांबूंना टांगलेली दिसत. मुकादम ओरडे, मी ओरडे, तेवढ्यापुरती ती पुन्हा अंगावर चढत. ओरडून हा प्रश्न सुटणार नाही, हे मान्य करायला मला दोन हंगाम लागले.

नवे जॅकेट दिसायला मानेभोवतून छातीवर उतरणारे दोन अरुंद पट्टेच आहे. त्याच्या आत घडी केलेली हवेची पिशवी, ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. गोळी विरघळली की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरला भोक पाडते आणि पिशवी काही सेकंदांत फुगते. गोळीने काम केले नाही तर ओढायची दोरी आहे, आणि तीही चुकली तर तोंडाने फुंकायची नळी आहे. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन पेलणारा जोर. माणसाचे पाण्यातले वजन फार नसते, त्यामुळे ५० न्यूटनचे स्वस्त जॅकेटही शुद्धीवरच्या, पोहता येणाऱ्या माणसाला वर ठेवते. पण डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी त्यात नसते. बांधकामावर माणूस पडतो तो बहुधा कशावर तरी आपटूनच पडतो आणि कमरेला पक्कड, पाने व हुक घेऊनच पडतो. म्हणून १५० च्या खाली येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ऑगस्टमध्ये, अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत, या जॅकेटची खरी परीक्षा झाली. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत ४ मीटरहून अधिक फरक पडतो आणि खाडीचे पाणी उतरताना धक्क्याच्या खांबांमधून जोराने ओढ घेते. दुपारी, ओहोटी लागल्यावर, शटरिंगचा एक सुतार ओल्या फळीवरून घसरला. त्याला पोहता येत नाही. मी कडेपर्यंत पोहोचलो तेव्हा जॅकेट फुगलेले होते आणि त्याचा चेहरा वर होता, पण ओढ त्याला बार्जच्या दिशेने नेत होती. बार्जच्या तळाखाली गेलेला माणूस जॅकेटमुळेच तिथे अडकून राहू शकतो. आमच्या बचाव होडीवर दिवाळे कोळीवाड्यातले एक नाखवा असतात, त्यांनी इंजिन सुरू करता करता आवाज दिला, “दादा, हातपाय मारू नको, उताणा रहा!” दोर बांधलेली तरंगती रिंग दुसऱ्या फेकीत त्याच्या हाती लागली आणि होडीने त्याला बार्जपासून दूर घेतले. दोन दिवसांनी कामावर परतल्यावर तो म्हणाला, “साहेब, जुनं जॅकेट असतं तर ते परांचीवर टांगलेलं राहिलं असतं, माझ्या अंगात नसतं.” या खरेदीच्या बाजूने यापेक्षा मोठी साक्ष माझ्याकडे नाही.

आता दोष, आणि ते थोडे नाहीत. मालाचे खोके उघडले तेव्हा चार जॅकेटांची सिलिंडरे हाताने फिरतील इतकी सैल निघाली. असे जॅकेट बाहेरून नव्यासारखेच दिसते आणि पाण्यात मात्र नीट फुगेलच असे नाही. विक्रेत्याने, ज्याचे नाव इथे घेत नाही, ती तपासणी आपले काम मानली नव्हती आणि बदली गोळ्या व सिलिंडरेही ठेवली नव्हती. एकदा फुगलेले जॅकेट नवे सिलिंडर आणि नवी गोळी बसवेपर्यंत निरुपयोगी असते. ते सुटे भाग मिळवायला आम्हाला मशीद बंदरापर्यंत जावे लागले आणि तोपर्यंत तीन माणसांना पाण्यावरच्या कामावरून उतरवून ठेवावे लागले. सुटे भाग सोबत देत नाही, त्या दुकानातून हे जॅकेट घेऊ नये.

जुलैच्या सततच्या पावसात दोन जॅकेटे दमट हवेने, परांचीवर टांगलेली असतानाच उघडली. एक जॅकेट एका कामगाराने संध्याकाळी प्रामाणिकपणे नळाखाली धुतले आणि ते हातातच फुगले. खारे पाणी आणि सिमेंट धुऊन काढायलाच हवे, पण आधी गोळी आणि सिलिंडर काढायचे, हे आम्ही त्याला सांगितले नव्हते. चूक आमची होती. आमच्यासारख्या पावसात पाण्याच्या दाबावर उघडणारा प्रकार अधिक योग्य ठरेल. तो सुमारे १० सेंटीमीटर पाण्याखाली गेल्यावरच चालतो आणि पावसाच्या सरीला दाद देत नाही, पण बराच महाग आहे.

याहून गंभीर गोष्ट रेनकोटची. पाऊस लागला की माणसे सवयीने जॅकेटवरून रेनकोट चढवतात. बंद रेनकोटच्या किंवा उंचीवरून पडू नये म्हणून घालायच्या हार्नेसच्या आवळलेल्या पट्ट्यांच्या आत पिशवी फुगली तर ती छातीच आवळते आणि चेहरा वर ठेवण्याचे तिचे काम अपुरे राहते. जॅकेट नेहमी सर्वांत वर, हे मी रोज सकाळच्या बोलण्यात पहिल्या वाक्यात सांगतो. मांड्यांमधून जाणारा पट्टाही असाच दुर्लक्षित राहतो. तो नसेल तर फुगलेले जॅकेट कानांपर्यंत वर सरकते आणि माणूस त्यातून खाली निसटू लागतो.

वेल्डरांना मी हे जॅकेट देत नाही. ठिणगीने कापडाला आणि आतल्या पिशवीला पडलेले बारीक भोक बाहेरून दिसत नाही. त्या दोघांसाठी फोमचीच जॅकेटे ठेवली आहेत आणि त्यांच्या कामात दर तासाला विश्रांती दिली आहे.

देखभालीला आठवड्यातून एक सकाळ जाते. प्रत्येक सिलिंडर काढून छोट्या डिजिटल काट्यावर तोलतो आणि त्यावर ठोकलेल्या वजनाशी ताडून पाहतो, गोळीची मुदत पाहतो, यंत्रणा सज्ज असल्याची खूण हिरवी आहे ना ते पाहतो. महिन्यातून एकदा पिशवी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवतो; सकाळी ती मऊ पडली असेल तर जॅकेट बाद.

जॅकेट घेतले म्हणजे बाकीचा खर्च वाचला, असे कोणत्याही ठेकेदाराने समजू नये. जॅकेट माणसाला फक्त वेळ मिळवून देते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखालील केंद्रीय नियमांत बुडण्याचा धोका असलेल्या जागी बचावाची साधने सज्ज ठेवणे आणि तातडीने सुटकेची व्यवस्था करणे सांगितले होते; तो कायदा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावला गेला. मापे मात्र आम्ही ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमांतून घेतली: किमान ९० फूट दोर असलेली रिंग, दोन रिंगांमधले अंतर २०० फुटांच्या आत, आणि पाण्यावर काम चालू असेपर्यंत एक होडी हाताशी. त्या दुपारी होडी दुसऱ्या कामाला गेली असती, तर फुगलेल्या जॅकेटचा काय उपयोग झाला असता, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

पाचपैकी मी या जॅकेटला चार गुण देतो. ज्या कामावर नियमित तपासणी करणारा एक जबाबदार माणूस नाही, तिथे मात्र हे घेऊ नका. तिथे फोमचे बरे, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. आमच्याकडे पुढच्या महिन्यात बार्जवरच्या खलाशांसाठी सहा जॅकेटे येणार आहेत, ती पाण्याच्या दाबावर उघडणारी, आणि मागणीपत्रात प्रत्येकी दोन सिलिंडरे जास्तीची लिहिली आहेत.