४३ इंची फोर-के टीव्हीवर नऊ महिने क्रिकेट आणि कबड्डी

फेब्रुवारी २०२५ मध्ये, चॅम्पियन्स ट्रॉफीच्या तोंडावर हा टीव्ही घेतला. नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्डकप जिंकला, तोही यावरच पाहिला.

पहिल्या आठवड्यात पार हिरमोड झाला. डीटीएचवर साधा एसडी, म्हणजे कमी ओळींच्या जुन्या चित्राचा पॅक होता. ५७६ ओळींचं चित्र २१६० ओळींच्या पडद्यावर ताणलं की मैदानाचा नुसता हिरवा लगदा होतो, आणि सीमारेषेकडे निघालेला चेंडू त्यात विरघळून जातो. बाबा म्हणाले, "जुनाच बरा होता रे." त्यांचं बरोबर होतं, छोट्या पडद्यावर हेच चित्र खपून जायचं.

एचडी पॅक घेतला आणि त्याच संध्याकाळी खेळपट्टीवरच्या भेगा दिसल्या, रिप्लेमध्ये चेंडूची शिवण दिसली. स्कोअर किती झाला हे बाबांनी मला विचारणंच बंद केलं. आपल्याकडचे एचडी चॅनेल १०८०आय असतात: १९२० बाय १०८०, पण एका वेळी निम्म्याच ओळी, सेकंदाला ५० वेळा. त्या सांधायचं काम टीव्हीचं. आमचा सेट-टॉप बॉक्स बसवणाऱ्याने ७२०पीवरच (७२० ओळी, पण सगळ्या एकदम) ठेवला होता. तो १०८०आय केल्यावर लांबच्या क्षेत्ररक्षकांच्या पाठीवरची नावं वाचता यायला लागली. कबड्डीत मात्र उलटं. चढाईपटू झटकन वळला की त्याच्या हाताची कड क्षणभर कंगव्यासारखी दातेरी दिसते. ७२०पीवर ते होत नाही, म्हणून कबड्डीला मी सेटिंग बदलतो.

फोर-केसाठी सामने दाखवणाऱ्या ॲपचा महागडा प्लॅनही घेतला. थांबलेलं चित्र अप्रतिम, गवताची पाती मोजावीत असं. पण माझ्याकडे ते सेकंदाला २५ फ्रेमनेच येत होतं. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. म्हणजे ५० फ्रेममध्ये तो दर चित्राला पाऊण मीटर सरकतो, २५ मध्ये दीड मीटर. डोळ्यांना ती उडी जाणवते, आणि वेगवान गोलंदाजी बघायची सगळी मजा तिथेच जाते. शिवाय आमचा सोफा आठ फुटांवर. फोर-केचा बारकावा मला खुर्ची ओढून चार फुटांवर बसलो तेव्हाच दिसला, आणि असं बसून पन्नास षटकं कोण बघणार?

मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीने दोन फ्रेमच्या मधे स्वतःच बनवलेली चित्रं घालणं, पहिल्याच दिवशी बंद करा. त्यात बॅटच्या कडेभोवती चित्र थरथरतं आणि मधेच चेंडू गायब होतो.

ॲपचा प्लॅन मी पुढे वाढवला नाही. एचडी पॅक चालू आहे.