सीस्टार एस-५० : गच्चीवरून नेब्युलाचे (तेजोमेघांचे) फोटो काढायचे असतील तर

शहरात राहून डीप स्काय फोटोग्राफी, म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका असल्या दूरच्या गोष्टींचे फोटो काढायची हौस आहे, पण माऊंट, गाइड स्कोप, लॅपटॉप, पॉवर सप्लाय असा सगळा पसारा दर वेळी गच्चीवर चढवणं जमत नाही, अशा माणसाने झेडडब्ल्यूओ कंपनीचा सीस्टार एस-५० हा दुर्बीण आणि कॅमेरा एकत्र असलेला छोटा स्मार्ट टेलिस्कोप डोळे झाकून घ्यावा असं माझं मत आहे. पण युट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे असतात आणि आपल्याकडचं आकाश वेगळं वागतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी यंत्राबद्दल. २०२३ साली हा बाजारात आला. ५० मिमीची लेन्स, २५० मिमी फोकल लेंथ, सोनीचा आयएमएक्स ४६२ सेन्सर, आपोआप फोकस होणारी मोटर, लेन्सवर दव जमू नये म्हणून हीटर, ६४ जीबी मेमरी आणि बॅटरी हे सगळं एकाच डब्यात, वजन अडीच-तीन किलो. ट्रायपॉड लेव्हल करायचा, मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं, यादीतून ऑब्जेक्ट निवडायचं की तो स्वतःच आकाशाचा फोटो काढून तारे ओळखतो आणि बरोबर जागेवर जाऊन थांबतो. मग १०, २० किंवा ३० सेकंदांच्या फ्रेम्स काढत राहतो आणि एकावर एक रचत जातो. घरचं वायफाय गच्चीपर्यंत पोचत असेल तर खाली घरात बसून सगळं बघता येतं.

मृगाच्या पोटातला बाण माहितीये ना, ते एका ओळीतले तीन तारे, त्यांच्या खाली एम-४२ हा मोठा तेजोमेघ आहे, आपल्यापासून साधारण तेराशे प्रकाशवर्षांवर. त्याची पहिली दहा सेकंदांची फ्रेम स्क्रीनवर येते ती नुसती दाणेदार, मध्ये एक पांढुरका डाग. चार-पाच मिनिटांत डागाला दोन्ही बाजूंनी पंख फुटायला लागतात, दाणे बसत जातात, गुलाबी रंग भरतो आणि अर्ध्या तासाने शेजारचा छोटा निळसर रनिंग मॅन नेब्युलाही त्याच फ्रेममध्ये दिसायला लागतो. आमच्या बिल्डिंगच्या समोर मैदानाचे फ्लडलाइट आहेत, नुसत्या डोळ्यांनी बोटावर मोजण्याइतके तारे दिसतात, आणि तिथून हे येतं! शेजारची मुलं मोबाईलभोवती गोळा होऊन "अजून थांब, अजून थांब" करत बसतात.

हे शहरातून जमतं ते आतल्या ड्युअल बँड फिल्टरमुळे. तापलेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो आणि ऑक्सिजन ५०० च्या आसपास हिरवट-निळा, फिल्टर फक्त या दोन पट्ट्या आत सोडतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा प्रकाश बाहेर ठेवतो. त्यामुळे लगून, ट्रिफिड, एम-४२ यांच्यासारखे चमकणारे तेजोमेघ शहरातून छान येतात. दीर्घिकांना मात्र याचा काही उपयोग नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. त्यासाठी अंधारातच जायला पाहिजे, वेल्हे, भंडारदरा, कुठेही शहराच्या उजेडापासून लांब. विदर्भातल्यांचं तर नशीबच थोर, पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क झालाय.

आता मुख्य मुद्दा. हा स्कोप ऑल्ट-अझ आहे, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरत ताऱ्याचा पाठलाग करतो, त्यामुळे तारा फ्रेमच्या मध्ये राहतो पण आजूबाजूचं चित्र हळूहळू गोल फिरतं. हे फिरणं अक्षांशावर अवलंबून असतं आणि विषुववृत्ताच्या जितकं जवळ तितकं जास्त, दिशा आणि उंची सारखी धरली तर पुण्यात ते लंडनच्या जवळपास दीडपट आहे! म्हणून तिकडच्यांचं "३० सेकंदांवर लावा आणि झोपा" हे ऐकू नका, कोपऱ्यातले तारे लांबट होतात आणि अ‍ॅप एकामागून एक फ्रेम्स फेकून देतं. उपाय सोपा आहे. बरोबर पूर्वेला किंवा पश्चिमेला हे फिरणं जवळजवळ शून्य असतं आणि डोक्यावर सगळ्यात जास्त. म्हणून ऑब्जेक्ट आकाशात सगळ्यात उंच यायची वाट बघत बसायचं नाही, डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास मृग पूर्वेला बऱ्यापैकी वर आलेला असतो तेव्हाच सुरू करायचं. दक्षिण, उत्तर किंवा उंचावरच्या ऑब्जेक्टला मी १० सेकंदच ठेवते.

२०२५ मध्ये अपडेटने ईक्यू (इक्वेटोरियल) मोडही आला, त्यात स्कोप ध्रुवताऱ्याकडे कलता ठेवायचा म्हणजे फिरणं थांबतं. चांगली सोय आहे, पण पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे स्कोप जवळजवळ आडवाच करावा लागतो, आणि बॉक्समधला छोटा ट्रायपॉड अशा वेळी कलंडण्याची भीती असते. ईक्यू करायचंच असेल तर जड ट्रायपॉड आणि मजबूत वेज (स्कोप कलता धरणारा जोड) यांचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

अक्षांशाचा फायदाही आपल्यालाच. ओमेगा सेंटॉरी हा नरतुरंगातला प्रचंड तारकागुच्छ, जवळपास एक कोटी तारे, लंडनवाल्यांना कधी उगवतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला २४ अंशांपर्यंत वर येतो. दक्षिण मोकळी असलेली जागा बघा, १० सेकंदांच्या फ्रेम्स लावा, कडेचे तारे मोकळे मोकळे होत मध्यापर्यंत दाट होत जातात ते बघून मला अक्षरशः भरून आलं होतं.

काय जमत नाही तेही सांगते. फ्रेम सव्वा अंश बाय पाऊण अंशाची, त्यामुळे तीन अंश पसरलेली देवयानी दीर्घिका मावत नाही, मोझेक मोडने (शेजारशेजारच्या फ्रेम्स जोडून) जास्त भाग येतो पण वेळही तितकाच वाढतो. ग्रहांसाठी घेऊच नका, शनी कड्यांसकट अठरा-एक पिक्सेलमध्ये संपतो. चंद्र मस्त येतो, सूर्यही येतो, फिल्टर बॉक्समध्येच मिळतो आणि तो लावल्याशिवाय सूर्याकडे वळवायचा नाही म्हणजे नाही.

काही जुनी मंडळी म्हणतात की यात तुमचं कौशल्य काय. मला हे अजिबात पटत नाही, कुठलं ऑब्जेक्ट, कुठल्या महिन्यात, कुठल्या दिशेला, किती वेळ हे सगळं आपणच ठरवतो आणि खरं काम तर नंतर सुरू होतं. अ‍ॅपमधला जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपला ठीक आहे, पण सेटिंगमध्ये प्रत्येक फ्रेम सेव्ह करायचं ऑप्शन चालू करा आणि फिट्स फाइल्स (कच्च्या फ्रेम्स) कॉम्प्युटरवर घेऊन सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये परत स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचा, ग्रॅक्सपर्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरने मागचा उजेड काढा, दोन्ही फुकट आहेत. एक फाइल चारेक एमबीची, म्हणजे दहा सेकंदांनी तासाभराचे दीड जीबी होतात, मेमरी रिकामी करत राहा. आणि एकाच ऑब्जेक्टला वेळ द्या हो, नॉइज (चित्रातले दाणे) निम्मा करायला वेळ चौपट लागतो, एका रात्रीत दहा ऑब्जेक्ट्स उरकण्यापेक्षा एकावर तीन-चार तास घालवले की फरक लगेच कळतो.

बॅटरी सहा तासांची सांगतात, हीटर चालू असला की लवकर उतरते, टाइप-सी पॉवर बँक जवळ असू द्या. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तसंही काही दिसत नाही, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा नाहीतर लेन्सला बुरशी धरते, आणि मधूनमधून चार्ज करा. बजेट कमी असेल किंवा मोठे तेजोमेघच जास्त आवडत असतील तर धाकटा एस-३० बघा, फ्रेम रुंद आहे. छोट्या दीर्घिका, ओमेगा सेंटॉरीसारखे बंदिस्त तारकागुच्छ हवे असतील तर एस-५०च. खरेदी भारतातल्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर करा, वॉरंटीचं काम पडलं तर बाहेरून मागवलेल्या पीसला फार फिरावं लागतं.