गूगल अ‍ॅड्स: कोथरूडच्या डबेवाल्या व्यवसायाला कितपत उपयोगी?

उपयोगी आहे, पण मूळ सेटिंग जसंच्या तसं ठेवलंत तर पैसे पाण्यात. सर्च जाहिरात, म्हणजे गूगलवर शोधल्यावर निकालांत दिसणारी जाहिरात, तयार करताना ‘डिस्प्ले नेटवर्क’ची (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवर जाहिरात दाखवण्याची) खूण आधी काढा. ठिकाणाच्या पर्यायात पुण्यात ‘असलेले’ आणि पुण्यात ‘रस असलेले’ असे दोघेही धरलेले असतात. नागपुरात बसून पुण्याची माहिती शोधणारा तुमचा डबा घेणार नाही. फक्त ‘असलेले’ निवडा, आणि अख्खं शहर नको, डबा गरम पोहोचेल एवढीच त्रिज्या.

खरी गळती कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी म्हणून तुम्ही देता त्या शब्दांत असते. ‘डबा’ किंवा ‘टिफिन’ एवढाच शब्द दिला की स्टीलचा डबा विकत घेणारे, मुलांच्या डब्याची रेसिपी शोधणारे, डिलिव्हरीची नोकरी हवी असलेले सगळे क्लिक करतात. ‘घरगुती डबा कोथरूड’ असा शब्दसमूह अवतरणचिन्हांत द्या. स्टील, रेसिपी, नोकरी हे नकारात्मक शब्दांत (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही) टाका. लोकांनी नेमकं काय शोधलं ते दाखवणारा सर्च टर्म्सचा अहवाल दर आठवड्याला उघडा, नकारात्मक शब्दांची यादी वाढतच जाते.

एका जाहिरातीत मथळे 15 पर्यंत देता येतात, प्रत्येकी 30 अक्षरं. वर्णनं चार, प्रत्येकी 90. ‘उत्कृष्ट चव’ लिहून जागा घालवू नका. ‘कोथरूडमध्ये घरपोच डबा’, ‘दोन पोळ्या, भाजी, वरण-भात’, महिन्याचा दर, रविवारी सुट्टी की नाही, हे लिहा. पैसे क्लिकमागे जातात, त्यामुळे दर वाचून जो क्लिक करत नाही, त्याच्यामागचे तुमचे पैसे वाचले.

रोजचं बजेट एखाद्या दिवशी दुप्पट खर्च होऊ शकतं, महिन्याच्या हिशेबात ते जुळतं. आगाऊ भरणा केल्यास 18 टक्के जीएसटी त्यातूनच जातो. जाहिरातीतलं फोन करण्याचं बटण मात्र कोणी उचलणारं असेल त्याच वेळेत चालू ठेवा.